ट्रक सोडून जा म्हणे

दिंडीचा ट्रक गॅरेजला लागला की मिस्त्री हमखास म्हणतो, "गाडी सोडून जावा मावशी, झाली की फोन करतो." मला हे पटत नाही. सोडून कुठे जायचं? देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर निघालेली आमची माणसं पंढरपूरपर्यंत पायी जातात, पण त्यांचं घर ट्रकमधून जातं. तंबू, ताडपत्र्या, वळकट्या, पिठाची पोती, तेलाचे डबे, शेगड्या, काहिल आणि नावाची चिठ्ठी चिकटवलेल्या औषधांच्या पिशव्या, सगळं त्यात. पाऊस जोराचा असला की म्हाताऱ्या बायका रात्री हौद्यातच झोपतात. कोठी माझ्याकडे आहे, म्हणून ट्रक थांबेल तिथे मलाही थांबावं लागतं.

यंदा बारामतीत ट्रकच्या मागच्या स्प्रिंगचा मेन पाटा तुटला. आधीच्या उंडवडीच्या मुक्कामी रात्रभर पाऊस होता, तंबू ओलेच गुंडाळून भरावे लागले आणि ओल्या तंबूंचं वजन कोरड्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. शारदा प्रांगणातला मुक्काम हलवून पालखी सकाळी मोतीबागेवरून काटेवाडीकडे निघाली, तेव्हा आमचा ट्रक एका अंगावर कलून रस्त्याच्या कडेला उभा होता. कसाबसा गॅरेजपर्यंत नेला. चाक जॅकवर घेतल्यावर मी खाली वाकून तो पाटा पाहिला. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग तांबड्या गंजाचा होता आणि काठाशी बोटभर जागा तेवढी नव्या नाण्यासारखी चकचकीत होती. म्हणजे तडा जुना होता, ओल्या तंबूंनी राहिलेलं काम पुरं केलं. वारीला भाड्याने मिळतो तो बहुधा मालकाचा सगळ्यात जुना ट्रक असतो. निघण्याआधी पाटे धुऊन पाहायला मालकाला काय झालं होतं, हा राग माझ्या मनात अजून आहे.

मिस्त्री म्हणाला, "अर्धा तास." आणि एका ट्रॅक्टरखाली गेला.

आवारात उसाच्या ट्रॉल्या चाकं काढून ओळीने ठेवलेल्या होत्या. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, एवढ्या कारखान्यांचा ऊस या ट्रॉल्या ओढतात. गाळप सुरू झालं की चार-पाच महिने त्यांना उसंत नसते, म्हणून आषाढात त्या उघडतात. पद्धत शहाणपणाची आहे. पण त्या ट्रॉल्यांना दसऱ्यापर्यंत, अगदी दिवाळीपर्यंत वेळ होता आणि आम्हाला संध्याकाळी सणसरच्या मुक्कामी चुली पेटवायच्या होत्या. ट्रॉलीवाला कायमचं गिऱ्हाईक आहे, मिस्त्रीचं पोट त्याच्यावर आहे, हे मला समजतं. तरी कोणतं काम आज लागतं आणि कोणतं चार महिन्यांनी, एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. आम्हाला कोणी ते विचारलं नाही.

पाटा बदलायचा तर वजन उतरवावं लागतं, ते आम्ही उतरवलं. पिठाची पोती ठेवायला कोरडी जागा मागितली, तर ऑइल सांडलेल्या जमिनीवर एक फाटका पुठ्ठा टाकून दिला. त्यावर पोती बसली नाहीत, म्हणून वळकट्या खाली घालून त्यांच्यावर पीठ ठेवलं. त्या वळकट्यांना डिझेलचा वास पंढरपूरपर्यंत राहिला. बसायला टायर होता. बाईमाणसाने लघवीला जायचं कुठे, याचं उत्तर त्या आवारात नव्हतं. समोरच्या घरातल्या सुनेने आपण होऊन बोलावलं, चहाही दिला. नवा पाटा "पुण्याहून एसटीच्या पार्सलने निघालाय" असं दुपारी कळलं. तिन्हीसांजेला कळलं की तो अजून दुकानातच आहे. दोन्ही वेळा सांगणारा माणूस एकच होता आणि दोन्ही वेळा तितक्याच खात्रीने सांगत होता. मी दुपारी दिंडीला फोन करून "येतोय" म्हणाले होते. खरं कळलं असतं तर तेव्हाच छोटा टेम्पो बघून निदान शेगड्या, पीठ आणि औषधं पुढे धाडली असती. अंधार पडल्यावर टेम्पो कुठला मिळायला?

काटेवाडीत परीट समाजाने धोतरांच्या पायघड्या घातल्या, मेंढ्यांचं रिंगण झालं, ते मला फोनवर ऐकायला मिळालं. त्याचं दुःख मी धरत नाही. सणसरला आमची माणसं पोचली तेव्हा तंबू नव्हता, ताट नव्हतं. शेजारच्या दिंडीने जेवू घातलं, शाळेच्या व्हरांड्यात जागा झाली. साखर असलेल्या आजींची गोळी मात्र माझ्यापाशी, बारामतीत, जॅकवरच्या ट्रकजवळ.

वारीसाठी काहीच होत नाही असं म्हणणारी मी नाही. पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे तोंडल्यापर्यंतच्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 ला झालं, रस्ता खरोखर रुंद झाला. टोलमाफी आहे. 2024 मध्ये सरकारने मानाच्या पालख्यांतल्या दिंड्यांना प्रत्येकी 20 हजार रुपये जाहीर केले. वाटेवर फुकट दाढी करून देणारे आहेत, तुटलेली चप्पल शिवून देणारे आहेत, पाय चेपून देणारे आहेत. ही सेवा मी डोक्यावर घेते. पण चालणाऱ्याची चप्पल तुटली तर ती आत्ताच शिवायला हवी, हे जसं सगळ्यांना कळतं, तसं ट्रकच्या पाट्याबद्दल कळत नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांचंही हेच होतं. बीडकडून लेकरंबाळं, भांडीकुंडी, शेळ्या घेऊन ट्रॉलीतून निघालेलं बिऱ्हाड वाटेत बंद पडलं तर त्यांनाही सांगतात, सोडून जा. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं असे पाहुणे आता येणार असतील, तर त्यांनाही एक दिवस हेच ऐकावं लागेल.

पाटा दुसऱ्या दिवशी बसला. पालखी तोवर बेलवाडीचं रिंगण उरकून निमगाव केतकीच्या वाटेला लागली होती. आम्ही आडवाटेने पुढे जाऊन चुली मांडल्या.

पुढे इंदापुरात दिंडीच्या पाण्याच्या टँकरचा सेल्फ गेला. तिथला मिस्त्री खाली शिरला, पान्याने दोनदा ठोकलं, बाहेर आला आणि म्हणाला, "मावशी, हा आज होत नाही. माझ्याकडे माल नाही. ढकलून चालू करून देतो, सराटीपर्यंत बंद करू नका, अकलूजला नवा टाका." चार पोरं बोलावून टँकर ढकलून दिला. पैसे घेतले नाहीत. त्याच्याकडूनही त्या दिवशी आमची दुरुस्ती झाली नाहीच, पण संध्याकाळी कोणी पाण्यावाचून राहिलं नाही.

वारीआधी तहसीलदारांकडे बैठका होतात. पाणी, वीज, डॉक्टर, शौचालयं सगळं ठरतं. त्याच बैठकीला बारामती आणि इंदापूरच्या गॅरेजवाल्यांनाही बोलवावं. पालखी या दोन तालुक्यांत असेल तेवढे दिवस एक जॅक आणि एक मिस्त्री दिंड्यांच्या गाड्यांसाठी मोकळा ठेवावा, नेहमीच्या मापाचे मेन पाटे, यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट आधीच आणून ठेवावेत. पैसे आम्ही देऊ. आणि काम होणार नसेल तर सकाळीच सांगावं, म्हणजे औषधांच्या पिशव्या तरी वेळेत पुढे धाडता येतील.