कालव्यातला पत्ता

निवृत्त बँक अधिकाऱ्याला समाजसेवेची उबळ आली की त्याला आधी बाजारात भाजी आणायला पाठवावं, असं आमच्या हिचं मत आहे. मी भाजी आणली आणि येताना राउटरही घेऊन आलो.

दोष 'पीएम-वाणी'चा. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने ही योजना मंजूर केली. चहाच्या टपरीवाल्यानेसुद्धा परवाना न काढता, शुल्क न भरता सार्वजनिक वाय-फाय द्यावं, अशी कल्पना. एकेकाळच्या पिवळ्या एसटीडी बूथची नात म्हणा ना. हे वाचलं आणि मला मनातल्या मनात त्या बूथवाल्या सॅम पित्रोदांची दाढी फुटली. पुण्यातल्या दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत एका गणेश मंडळाची खोली मिळाली, बँकेतून बाद झालेले संगणक मिळाले आणि उद्घाटनाला मी 'डिजिटल दरी'वर बोललो. बराच वेळ बोललो. पोरं मान खाली घालून ऐकतायत हे पाहून मला गहिवरून आलं. ती क्रिकेटची मॅच बघत होती, आपापल्या डेटावर.

"काका, रोजचा दीड जीबीच संपत नाही," मंडळाचा अध्यक्ष नंतर हळूच म्हणाला. 2016 साली जिओ आल्यापासून डेटा कसा स्वस्त झाला, हे ज्याच्या बिलाचे पैसे मुलगा भरतो त्याला कुठून कळणार?

शिवाय राउटर चोरीला जाऊ नये म्हणून मी तो लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. आयुष्यभर तिजोरी सांभाळलेला हात. वाय-फायच्या लहरी लोखंडातून बाहेर पडत नाहीत, हे मला नववीतल्या एका मुलाने समजावलं. बाहेर काढला तर भिंती पत्र्याच्या. रेंज कॅरमबोर्डापर्यंत जायची आणि राणीपाशी थांबायची.

खरी गर्दी लोटली ती आरटीईच्या अर्जांना. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी. पण अर्ज ऑनलाइनच, आणि त्यात नकाशावर नेमक्या आपल्या घरावर एक बलून टेकवायचा. घर ते शाळा अंतर त्या बलूनपासून मोजतात. बंगलेवाल्याला हा खेळ सोपा आहे. वस्तीच्या नकाशात गल्ल्याच नसतात, नुसता एक करडा डाग असतो. मी चष्मा पुसला, माउस धरला आणि एका धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या लेकीला मुठेच्या उजव्या कालव्याच्या मधोमध नेऊन ठेवलं.

"काका," ताई म्हणाल्या, "2018 ला कालवा फुटला तेव्हा तो आमच्या घरात आला होता. आम्ही नव्हतो गेलो त्याच्यात राहायला."

पुढच्या खेपेला ते कुटुंब थेट पर्वतीच्या टेकडीवर गेलं, पेशव्यांच्या देवळाशेजारी. पत्ता भारदस्त, पण भाडेकरार कोण करून देणार? अखेर बारावीतली एक मुलगी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली, मोबाइलचं लोकेशन चालू केलं आणि बलून उंबऱ्यावर आणून टेकवला. माझा माउस हातातच होता.

मग 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली. महिना 1500 रुपये, आणि सगळ्या महाराष्ट्राच्या बायका एकाच वेळी सर्व्हरच्या दारात. दिवसा तो अंग टाकायचा, रात्री जरा चालायचा. माझ्या केंद्राची वेळ मात्र दहा ते पाच, जेवणाची सुट्टी दीड ते दोन, तशी पाटीच रंगवली होती. बायकांनी पाटीला हात लावला नाही. फक्त किल्लीवाल्याकडून दुसरी किल्ली करून घेतली. मी घरी घोरत असताना मंडळात मध्यरात्री अर्ज भरले जात होते. पुढच्या वर्षी ई-केवायसी निघाली, तेव्हा नवऱ्याच्या आधारचाही ओटीपी लागला. नवरा चाकणला रात्रपाळीत, फोन गेटवर जमा. मी या अडचणीवर वरिष्ठांना निवेदन लिहायला घेतलं. बायका सकाळी पाळीवरून परतलेल्या नवऱ्यांना अंथरुणाला पाठ टेकण्याआधीच पकडून आणू लागल्या. निवेदनाचा मसुदा अजून माझ्या पिशवीत आहे.

आता सगळा कारभार बचत गटाकडे आहे. राउटर पत्र्यावर, लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीत उलटा बसवलाय, रेंज चौकापर्यंत जाते. अर्जाला दहा रुपये. माझ्याकडे टोकन वाटायचं काम आहे, तेही देखरेखीखाली.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली तो चेहरा दाखवूनही निघतो. मी स्वतःलाच टोकन दिलं आणि रांगेत उभा राहिलो.

"काका, डोळे मिचकावा," ती बलूनवाली पोर म्हणाली. मी मिचकावले. "दोन्ही." मी दोन्ही मिचकावले. तिने मोबाइल जवळ आणला, लांब नेला, माझा चष्मा काढायला लावला, भिंतीकडे पाठ करून बसवलं.

"तुम्ही जिवंत आहात हे घेत नाहीये ते," ती म्हणाली. "रात्री अकरानंतर या, सर्व्हर मोकळा असतो. तोवर जपून राहा. आणि येताना दहा रुपये सुट्टे आणा."