रिलीजभाऊ

चहाचा पहिला घोट घेऊन भाऊंनी निकाल दिला, "याले रिलीज करा."

'याले' म्हणजे चहावाल्याला. मागच्या सोमवारी आलं जरा सढळ पडलं होतं, तेव्हा याच चहावाल्याला भाऊंनी तीन सिझनसाठी रिटेन केलं होतं. चहावाला दोन्ही वेळा सारखाच हसला. आर्वी नाक्यावर आता या नेमणुका-बडतर्फ्यांचं कोणाला काही वाटत नाही. भाऊंचं खरं नाव रेशनकार्डावर असेलच. आम्ही त्यांना रिलीजभाऊ म्हणतो.

तुमच्याही नाक्यावर असा एक असणार. प्रो कबड्डीचे सामने सुरू असताना हा माणूस तसा निरुपद्रवी असतो, टीव्हीसमोर गुंतलेला असतो. खरा ताप मॅट गुंडाळल्यावर सुरू होतो. कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, पाच कोटींच्या थैलीत किती उरले, फायनल बिड मॅचचं कार्ड कोणावर वापरावं, हे सगळं भाऊंना तोंडपाठ. स्वतःच्या पीककर्जाचा आकडा विचारा, आभाळाकडे पाहतात.

बरं, संघ कोणता? मुंबईचा नाही, पुण्याचा नाही. बेंगळुरूचा! त्याचं असं झालं, 2017 च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरू बुल्सनी आपले 'घरचे' सामने नागपुरात, मानकापूरच्या स्टेडियममध्ये खेळले. भाऊ पॅसेंजरनं गेले, एक सामना पाहून रात्री परतले, आणि तेव्हापासून बुल्स ही 'आपली टीम'. "विदर्भाची टीम होती गुरुजी. आठवडाभरच होती, पन होती!" वेगळं राज्य मागणाऱ्यांच्या पदरात इतकं तरी कुठे पडलं?

आणि आपली टीम म्हटल्यावर जुनी जखम आलीच. "पवनले कावून सोडला?" हा प्रश्न भाऊंनी मला, पोस्टमनला आणि एकदा मयतीत स्वयंपाकाची मोठी भांडी शोधणाऱ्या माणसालाही विचारला आहे. जानेवारी 2019 च्या अंतिम सामन्यात पवन सेहरावतनं एकट्यानं 22 गुण आणले आणि बुल्सना पहिला कप मिळाला. चढाईच्या गुणांत लागोपाठ तीन सिझन तोच पहिला. तरी 2022 ला बुल्सनी त्याला ठेवलं नाही, आणि तमिळ थलैवाजनं सव्वादोन कोटींच्या वर मोजून नेला. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, अख्खा सिझन बाहेर. इकडे बुल्स त्याच्याशिवाय उपांत्य फेरीपर्यंत पोचले. साधा माणूस इथे गप्प बसला असता. भाऊ म्हणाले, "आपल्याकडं असता तर गुडघा जाताच ना. तिकडची हवा दमट हाये."

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख मी लिहिला नसता. पण भाऊंनी सगळा वर्धा जिल्हाच लिलावात उभा केला. तर्री रिटेन, पोहे रिलीज. सोयाबीन रिलीज, तूर रिटेन. कापसाचं भाव पाहून ठरवू. पहिल्या दिवाळीला जावई रिटेन झाला, दुसऱ्या दिवाळीला त्यानं मोटारसायकलचा विषय काढला, तेव्हापासून तो 'विचाराधीन' आहे. माझी दाढ दुखत होती तर न पाहताच म्हणाले, "रिलीज करा." तो त्यांचा आजवरचा एकमेव बरोबर निघालेला निर्णय.

एकदा घरी वांग्याच्या भाजीवर हाच शेरा मारून बसले. वहिनी शांतपणे ताट उचलत म्हणाल्या, "बरं. मंग तुमीबी उभे राहा लिलावात. पाहू कोन हात वर करते तं." त्यानंतर दोन दिवस भाऊ नाक्यावर उपाशीपोटी समोसे खात होते, आणि तिसऱ्या दिवशी वांगी रिटेन झाली.

2024 ला बुल्सनी परदीप नरवालला 70 लाखांत आणलं आणि कप्तान केलं. पाटण्याला लागोपाठ तीन कप देणारा, एकाच सिझनमध्ये चढाईचे 369 गुण आणणारा परदीप. पण त्या वर्षी बुल्स 22 पैकी फक्त 2 सामने जिंकले आणि तळाला गेले. भाऊंनी हिवाळाभर शेकोटीशी एकच जप लावला, "सोडा त्याले. पाय जड झाले त्याचे." बुल्सनी सोडला. 2025 च्या लिलावात नाव पुकारलं गेलं आणि बारापैकी एकाही संघानं बोली लावली नाही. काही दिवसांत तो निवृत्तच झाला.

मी नाक्यावर चिडवायच्या तयारीनं गेलो. "भाऊ, ऐकलं की तुमचं बुल्सनी!"

भाऊंचा चहा तसाच होता, वर साय धरलेली. "सोडा म्हनलो होतो गुरुजी," ते म्हणाले. "कोनीच घेऊ नका, असं नव्हतो म्हनलो."

त्या दिवशी कोणीच रिलीज झालं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी काही कामानं त्यांच्या गावी गेलो. गोठ्यात दोन गवळाऊ. एक कोवळा गोऱ्हा. दुसरा जुना, पाठीची हाडं मोजून घ्यावीत असा. नांगरटीला हल्ली भाड्याचा ट्रॅक्टर येतो, हे मला ठाऊक होतं. भाऊ हळद-तूप लावलेलं पळसाचं पान घेऊन त्या म्हाताऱ्याचे खांदे शेकत होते.

इतक्या वर्षांचा सूड असा हाती येतो कधी? विचारलंच, "याला नाही केलं रिलीज?"

"गिऱ्हाईक कुठं हाये? 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून म्हाताऱ्या बैलाले बाजारात कोन इचारते!"

"आणि कुटार काय फुकट येतं?"

भाऊंनी पान बदललं. दुसरा खांदा घेतला. बराच वेळ शेकत राहिले.

"कोच हाये तो," शेवटी म्हणाले. "त्या गोऱ्ह्याले तास धरून चालाले कोन शिकवन? तुमी?"

मग बैलाच्या कानाशी वाकून त्यांनी रीतीप्रमाणे आवतन दिलं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. निघताना मलाही तेच मिळालं, त्याच सुरात; फक्त पुढे 'गुरुजी' लावून.