शनीचा काय दोष?

व्यक्तिमत्त्व विकासाला सध्या बरे दिवस आहेत. व्यक्तिमत्त्वाचं काही सांगता येत नाही.

शनिवार-रविवारचं शिबिर. फी भरायची, डोळे मिटायचे, चटईवर बसून मन मोकळं करायचं. समोरच्याला आहे तसा स्वीकारा, असं गुरुजी सांगतात. सगळे मान डोलावतात. सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कुणाकुणाला भाड्याने द्यायचा नाही.

मन मोकळं झालं. फ्लॅटही मोकळाच.

एजंटचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो, आडनावाचा असतो. दुसरा, नॉनव्हेज खाता का? तिसरा, एकट्याच राहणार का मॅडम? भाडं वेळेवर द्याल का, हे ओघात आलं तर आलं. इकडे मालक रिकाम्या घराचा मेंटेनन्स मुकाट भरतो आणि घरात 'तसलं' कुणी शिरलं नाही या समाधानात झोपतो. समाधान अमूल्य असतं म्हणतात. याचं मूल्य मात्र दर महिन्याच्या पावतीवर छापून येतं.

पूर्वग्रहाची गोष्ट निघाली की आपण ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याबद्दल बोलतो. बरोबरच आहे, खरी झळ त्यालाच बसते. पण पूर्वग्रह पाळणाऱ्याचं काय जातं, हा हिशेब कुणी मांडत नाही. मांडू या की. परोपकाराचं आपल्याला फारसं कौतुक नाही. नफ्या-तोट्याचं आहे.

सुरुवात पुण्यापासून करू. सुधारणेची आणि सोवळ्याची, दोन्हींची दुकानं एकाच पेठेत.

१८९०चं दशक. गोऱ्यांच्या क्लबात पालवणकर बाळू हा तरुण महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. तासन्‌तास. बॅट त्याच्या हाती कुणी दिली नाही, कारण फलंदाजी हे साहेबाचं काम. जात चांभार. डावखुरी फिरकी मात्र अशी, की ग्रेगसारखा नावाजलेला गोरा फलंदाज सराव करायचा तो याच्यासमोर.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि हरवू शकेल असा गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर रोलर फिरवत होता. आता आली का पंचाईत? धर्म राखायचा की सामना काढायचा?

सामना काढला. धर्मही राखला.

म्हणजे बाळूने टाकलेला चेंडू सगळ्यांनी झेलायचा. चहाची वेळ झाली की बाळूचा चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे. (चेंडू कातड्याचा होता. तो कुणी शिवला, हे विचारायचं नसतं.)

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी लोळवलं. संघात बाळू होता आणि त्याचा भाऊ शिवरामही. तोवर मातीचं भांडं मागे पडलं होतं, मुंबईच्या हिंदू जिमखान्यात पंगतही एक झाली होती. पुण्यात व्याख्यानांना कधी तोटा नव्हता, पण भांडं हललं ते बळी पडायला लागल्यावर. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद? ते नाही दिलं. १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. म्हणजे पंगतीपासून नाणेफेकीपर्यंत चालत यायला आणखी सतरा वर्षं.

या सगळ्यात सुधारलं कोण? बाळू आधीपासूनच उत्तम गोलंदाज होता.

सुधारला तो बाकीचा संघ.

जुन्या गोष्टी कशाला उकरता, असं म्हणणारे एव्हाना म्हणून झाले असतील. मग ताजी घ्या. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींचे १,२६१ तरुण गोळा केले. काहींना महिनाभराच्या क्रिकेट लीगमध्ये घेतलं, काहींना बाहेर ठेवलं. काही संघ एकाच जातीचे, काही मिसळीचे. कोण कुठे, हे नशिबावर सोडलं. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. एका संघात खेळलेल्यांची परजातीत मैत्री वाढली, 'आपला तो आपला' हा सूर उतरला, देवघेवीच्या व्यवहारातही जास्त पदरात पडायला लागलं. पण नुसते विरुद्ध संघात समोरासमोर आले की चित्र बहुतेक उलटं.

म्हणजे नुसता हात मिळवून भागत नाही. एका बाजूने खेळावं लागतं. सणासुदीला सर्वधर्मीय मंचावर फोटो काढून घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी. फोटोत सगळे एकाच बाजूला असतात, तेवढं सोडून.

मोठी माणसं कठीणच, निदान पोरांना तरी मिसळू द्या म्हणावं, तर पोटात गोळा येतो. 'त्या' मुलांबरोबर बसून आमचा बंटी बिघडला तर?

बघितलंय तेही. दिल्लीत बड्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखायला लावल्या, तेव्हा गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने श्रीमंत घरच्या मुलांची परीक्षा घेतली. रिले शर्यत. जोडीदार निवडा. गरीब घरचा पण जोरात पळणारा, की आपल्यातला पण हळू पळणारा? शिवाय ज्याला निवडाल त्याच्यासोबत वेळही घालवायचा. काही मुलांनी हळू पळणारा श्रीमंत जोडीदार घेतला आणि बक्षिसावर पाणी सोडलं. बक्षिसाची रक्कम वाढवली तसा हा बाणा उतरत गेला. बापावर गेलीत पोरं. ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती, त्यांच्यात हा भेदभाव कमी दिसला. ती अधिक दानशूर निघाली, गरीब मुलांशी खेळायलाही जास्त तयार. आणि मार्क? फार काही फरक नाही.

बंटी बिघडला नाही. पळायला शिकला.

आपल्याकडे काय झालं? २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्के राखीव जागांतून सुटका. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. बंटीच्या आईबाबांना अजून चुटपुट आहे. एरवी मुलाला 'एक्स्पोजर' मिळावं म्हणून त्याला सिंगापूरला नेतात. वस्ती शाळेच्या भिंतीपलीकडे आहे. तिथे जायला व्हिसा लागत नाही, हीच तिची अडचण.

पूर्वग्रह सोडला की कांती उजळते, असा दावा मी करणार नाही. (उजळलेलीच का हवी, हा आणखी एक पूर्वग्रह.) पण आयुष्य वाढतं का? एका बाबतीत तरी तसं दिसतं.

तो पूर्वग्रह म्हातारपणाबद्दलचा. 'या वयात काय करायचंय?' हे आपण तरुणपणी दुसऱ्यांना ऐकवतो. जातीचा, धर्माचा पूर्वग्रह बाळगणारा सहसा दुसऱ्या बाजूला जाऊन बसत नाही. इथे मात्र प्रत्येकाची बदली ठरलेली आहे. बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गावात पन्नाशीपुढच्या ६६० जणांची माहिती तपासली. वाढत्या वयाबद्दल ज्यांचं मत बरं होतं, ते वाईट मत असलेल्यांपेक्षा साडेसात वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. तब्येत, पैसा, एकटेपणा, सगळं हिशेबात धरूनही. २००२ साली हे प्रसिद्ध झालं.

साडेसात वर्षं! आणि आपण तेल वाहतोय शनीला.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या बायकांनी ओहायोचं नावही ऐकलं नसेल. २०१६च्या महिला दिनाला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या विद्यार्थिनी, गुलाबी नऊवारीचा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. आता शिकून कुठे नोकरीला लागायचंय, असं कुणी म्हटलं नसेल असं नाही. त्यांनी ते पाटीवर घेतलं नाही इतकंच. अंगठ्याऐवजी सही करायला लागल्या.

शिकवायला गावातलीच एक सून. तिची सासू वर्गात.

सून प्रश्न विचारते, सासू हात वर करते, उत्तर चुकलं तर सून दुरुस्त करते आणि घरी जाऊन पुन्हा एकाच चुलीवरचं जेवतात. रोज रात्री साडेसातला टीव्हीवर सासू-सुनांना एकमेकींच्या जिवावर उठवणाऱ्या लेखकांना हा प्रसंग कुणीतरी पाठवा. 'वास्तवाला धरून नाही' म्हणून परत येईल.