व्हर्जनराव

विदर्भात सावंग्या अनेक. म्हणून वर्ध्याजवळच्या सावंगीच्या पत्त्यात कंसातलं ‘मेघे’ गाळून चालत नाही. गाळलं तर पार्सल भलत्याच तालुक्यात फिरून येईल. कंसाचं हे महत्त्व ज्याच्या अंगात मुरलंय असा एक गृहस्थ अशा गावात असायचाच. त्याला आपण व्हर्जनराव म्हणू. मेडिकल कॉलेजामुळे इथे माणसं शिकायला येतात, नोकरीला येतात आणि निघताना सामान विकतात. त्या सामानात इंपोर्टेड स्पीकरची जोडी आहे असं कानावर पडलं, की व्हर्जनराव टॉर्च आणि मल्टिमीटर घेऊन हजर! विकणारा हौसेनं गाणं लावतो, “वाजून रायलं ना भाऊ मस्त!” म्हणतो. तोवर व्हर्जनराव स्पीकरच्या मागे बसकण मारून पट्टीवरचा क्रमांक वाचत असतात. लग्नाच्या रिसेप्शनलाही ते नवरानवरीच्या आधी डीजेच्या खोक्यांची पाठ बघून येतात.

लोक त्यांना हसतात, पण ज्या गोष्टीसाठी हसतात ती मुळीच हसण्यासारखी नाही. नामांकित स्पीकरचं नाव वर्षानुवर्षं तेच राहतं आणि आतला माल बदलत जातो. अमर बोस यांचा ९०१ बाजारात आला १९६८ साली. एका खोक्यात नऊ स्पीकर, त्यांतले आठ भिंतीकडे तोंड करून. पहिल्या दोन सिरीजची पेटी बंद होती आणि कोनच्या कडा कापडाच्या होत्या. १९७६ च्या तिसऱ्या सिरीजपासून पेटीला हवेची तोंडं आली, कडा फोमच्या झाल्या. या फोमचा काही वर्षांनी भुगा होतो, कापड मात्र टिकतं. शिवाय या स्पीकरला त्याचा स्वतःचा इक्वलायझर लागतो आणि बंद पेटीचा इक्वलायझर तोंडाच्या पेटीला चालत नाही. बीबीसीनं घडवलेल्या एलएस ३/५ए ची गोष्ट आणखी नाजूक. परवाना घेऊन तो रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ अशा अनेक कंपन्यांनी बनवला. आधी तो पंधरा ओमचा होता, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अकरा ओमचा झाला, आतला क्रॉसओव्हरही बदलला. बाहेरून पाहाल तर दोन्ही त्याच छोट्या लाकडी पेट्या, आणि शौकिनांच्या बाजारात भाव मात्र वेगळे. मग मागची पट्टी वाचणारा माणूस विक्षिप्त कसा?

यावर पहिला आक्षेप येतो तो कानांचा: गाणं कानांनी ऐकायचं, पट्टी कशाला वाचायची? पण परक्या दिवाणखान्यात, हातात चहाचा कप, समोर विकणाऱ्याचा आशाळभूत चेहरा, अशा दहा मिनिटांत कान काय निवाडा देणार? कुजत आलेला फोम हळू आवाजात बिनतक्रार वाजतो आणि घरी नेऊन आवाज वाढवला की फाटतो. व्हर्जनराव जाळी काढून कडेला हलकेच बोट लावतात. बोटाला भुगा लागला की अर्धी किंमत तिथेच उतरते. दुसरा आक्षेप असा, की पट्टी बदलताही येते. येते ना! म्हणूनच ते एकट्या पट्टीवर विसंबत नाहीत. जोडीचे दोन्ही क्रमांक, मागचे टर्मिनल, कडांचा माल, मल्टिमीटरचा आकडा, सगळ्यांची साक्ष काढतात. साक्षी जुळल्या नाहीत तर इतरांचा मूड जातो, व्हर्जनरावांचा खुलतो.

तिसरा आक्षेप मात्र खोडता येत नाही. व्हर्जनराव गाणं ऐकतच नाहीत. भीमसेन जोशी तार षड्जावर पोचलेले असताना ते “हा ट्वीटर नंतर बदललेला दिसतो” असं म्हणू शकतात. घरात सहा जोड्या, त्यांतल्या चार उघडलेल्या, एक ‘तिसऱ्या सिरीजची जाळी मिळाली की’ वाजणार, आणि उरलेली ओरिजिनल असल्यामुळे वाजवायची नाही. घरातली मंडळी बातम्या मोबाइलवर ऐकतात. ज्ञान खरं, उपयोग खरा, आनंद तेवढा राहून गेला.

तेव्हा जुने उंची स्पीकर घ्यायला निघालात, तर व्हर्जनरावांना बरोबर न्याच. माल बघून ते नाही म्हणाले तर विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलू नका. सौदा झाला की मात्र त्यांना चहा पाजा, गेटपर्यंत पोचवा, आणि मगच गाणं लावा.