घासू नका!

जुनी नाणी जमवणारे एक काका प्रत्येकाच्या वाट्याला येतात. आमच्या वाट्याला आलेले मुनिरक्याच्या डीडीए फ्लॅटमध्ये राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त, पेन्शन वेळेवर, गुडघे शाबूत. म्हणजे दुसऱ्याला पिडायला सगळी अनुकूलता. त्यांच्या घरी तहान लागली तर टेबलावरचा ग्लास उचलू नये. त्यात १९४३ चा भोकाचा पैसा मुक्कामाला असतो.

फ्रिजमध्ये दह्याशेजारी डिस्टिल्ड वॉटरची बाटली असते, इन्व्हर्टरवाल्याकडून आणलेली. नळाचं पाणी चालत नाही, कारण त्यात क्लोरीन. "क्लोराइड हा ब्राँझचा वैरी," असं सांगताना काकांचा आवाज अफजलखानाचं नाव घेतल्यासारखा होतो. क्लोराइडला दमट हवा मिळाली की आम्ल तयार होतं आणि नाण्याला आतून खात सुटतं. वर फिकट हिरवी भुकटी दिसते, काडीनं टोकरली की झडते, खाली खड्डा. याला 'ब्राँझ डिसीज' म्हणतात, आणि दिल्लीच्या ऑगस्टमधली उमस म्हणजे त्याचा सीझन. त्या महिन्यात काका रात्री टॉर्च घेऊन राउंडला निघतात. रोगी नाणं वेगळ्या डबीत, सोबत सिलिका जेल. काकूंचा खोकला मात्र आल्याच्या चहावर निभावतो.

आणि ते "घासू नका!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी १९५७ चा नया पैसा लिंबानं चकचकीत करून कौतुकानं दाखवायला नेला होता. काकांनी तो कडेला दोन बोटांत धरला आणि डोळे मिटले. "तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, कवच आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर, भांड्यांची पावडर, सगळं बाद. भिजवायचं, पाणी रोज बदलायचं, सुटेल ती माती टूथपिकनं काढायची. तेलकट असेल तर अ‍ॅसिटोन. मग टिपून वाळवायचं. घासू नका!"

पुढे हा मंत्र नाण्यांपुरता उरला नाही. काकूंनी करपलेली कढई पुढे ओढली की आतून हाक येते, घासू नका! बेरसरायला यूपीएससीची तयारी करणारी मराठी पोरं तिसऱ्यांदा नापास होऊन आली, तर त्यांनाही तेच: घासू नका, मुरू द्या. सोसायटीच्या सभेत गळक्या टाकीवरून दोन मजले हातघाईवर आले, तेव्हा काका उठून म्हणाले, "विषय घासू नका, थोडा भिजू द्या." टाकीचं भिजत घोंगडं अजून तसंच आहे आणि तळमजला खरोखर भिजतो आहे.

त्या पोरांपैकी बीडचा एक जण परवा शिवराई घेऊन आला. आजीच्या देवघरातली. शिवराई तांब्याची, पण काकांचा नियम तिलाही लागू. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असायला हवं. हिच्यावर जेमतेम 'श्री' उरला होता, बाकी तळहातासारखी गुळगुळीत. पोरगा ओशाळून म्हणाला, "आजी दर दसऱ्याला चिंच-मीठ लावते. तिच्या आधी तिची सासू लावायची."

आम्ही श्वास रोखले. मी तर काकूंना बीपीची गोळी काढून ठेवायला खुणावलं. काकांनी भिंग लावलं, नाणं उलटंपालटं केलं, अंगठ्यानं तो 'श्री' चाचपला. काकांचा अंगठा नाण्याच्या तोंडावर! बाकी कुणी असं केलं असतं तर तासाभराचं प्रवचन झालं असतं.

"पाण्यात बिण्यात घालू नकोस," ते म्हणाले. "देवघरात परत ठेव. आणि आजीला सांग, यंदाही घास म्हणावं."

एवढ्या एका वाक्यापायी मी या गृहस्थांना सगळं माफ केलं आहे. टाकी सोडून.