एबीसी, पण चौकातली नव्हे

माझा भाचा ओंकार लातूरहून पुण्याला इंजिनिअरिंगला आला, तेव्हा त्याने कॉलेज पहिल्यांदा पाहिलं. अकरावी-बारावी झाली होती, उत्तम झाली होती, पण क्लासमध्ये. कॉलेज होतं ते कागदावर. लातूरपासून बरंच लांब, एका गावात, क्लासशी 'टाय-अप' असलेलं. दोन वर्षांत तो तिथे तीनदा गेला. एकदा फॉर्म भरायला, एकदा हॉलतिकीट आणायला आणि एकदा प्रॅक्टिकलला. लॅब कुठे आहे हे त्याने शिपायाला विचारलं, तर शिपाई म्हणाला, थांब, विचारून सांगतो.

त्यामुळे पुण्यातल्या पहिल्या आठवड्यात पोरगा पार हरखून गेला होता. "मामा, इथं सर फळ्यावर चार पर्यायच देत नाहीत. नुसतंच शिकवायलेत."

त्याला सीईटीत 92 पूर्णांक कितीतरी पर्सेंटाईल पडले. हे 'कितीतरी' दशांशचिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत जातं. सराफ सोनं तोलतो ते तीन आकड्यांपर्यंत. पोरं तोलायला सात लागतात. आमच्या भाऊजींना ते सातही आकडे पाठ आहेत. लग्नाची तारीख मात्र ते अजून ताईला विचारतात.

मग कॅप राउंड झाले. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर यांसाठी सेतू केंद्राच्या खेपा झाल्या. त्या सांगत बसत नाही, कारण ज्यांच्या घरात हे झालंय त्यांची जखम ओली असेल आणि ज्यांच्या घरात व्हायचंय त्यांचा आजचा रविवार कशाला नासवा. शेवटी सदाशिव पेठेत 'कॉट बेसिस'वर एक कॉट मिळाली. भाडं कॉटचं, खोलीतली हवा मालकांनी अजून वेगळी लावलेली नाही. मेस ठरली, पण रविवारी रात्री मेसला सुट्टी. कॉलेजच्या फॉर्मवर 'लोकल गार्डियन' म्हणून माझी सही. या दोन कारणांनी ओंकार दर रविवारी रात्री आमच्याकडे जेवायला येतो, आणि त्याची कारकीर्द मला हप्त्याहप्त्याने कळते.

पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "मामा, उद्या एबीसीचं काम करायचंय."

पुणेकराला एबीसी म्हणजे अप्पा बळवंत चौक. मी उत्साहाने सांगितलं, की स्कूटर नेऊ नकोस, लावायला जागा नाही. जुनी पुस्तकं आधी बघ. अकराच्या आत जाऊ नकोस, दुकानदारांना सकाळी गिऱ्हाईक आवडत नाही. तो नम्रपणे ऐकत राहिला. लातूरची पोरं मोठ्यांना मधेच तोडत नाहीत. माझं झाल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. ही एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेली, 2021 मध्ये सुरू झालेली. आता ज्ञान डोक्यात न राहता खात्यावर राहतं. पंधरा तास व्याख्यान ऐकलं की एक क्रेडिट. लॅबमध्ये तेवढ्याच क्रेडिटला तीस तास उभं राहावं लागतं. म्हणजे हाताने केलेल्या कामाचा भाव ऐकलेल्या कामाच्या निम्मा. हे धोरण नवं आहे असं मात्र कुणी म्हणू नये. ही क्रेडिटं साधारण सात वर्षं टिकतात. लोणच्याहून जास्त, मुदत ठेवीहून कमी, आणि व्याज शून्य.

"यात दोन क्रेडिट भारतीय ज्ञान परंपरेची पण हायत," ओंकार म्हणाला.

"त्यात काय शिकवतात?"

"पीडीएफ येणारंय."

नव्या मुलांना कॉलेजची सवय व्हावी म्हणून सुरुवातीला इंडक्शन असतं. तीन आठवड्यांचं. यूजीसीने याला 'दीक्षारंभ' असं भारदस्त नाव दिलंय. पहिल्या दिवशी प्राचार्य म्हणाले, ही चार वर्षं मनमुराद जगा. दुसऱ्या दिवशी योगासनं झाली. तिसऱ्या दिवशी मानवी मूल्यं. चौथ्या दिवशी प्लेसमेंटचे सर आले आणि त्यांनी पहिल्याच स्लाइडला गेल्या तीन दिवसांचं सगळं पुसून टाकलं. स्लाइडवर सोनेरी अक्षरात एक पॅकेज होतं आणि एका मुलाचा फोटो. हाच मुलगा गेटच्या फ्लेक्सवर आहे, कॉलेजच्या बसवर आहे, माहितीपुस्तिकेच्या मलपृष्ठावर आहे. एका पोराच्या नोकरीवर एवढी मोठी संस्था कशी उभी राहते, याचा अभ्यास सिव्हिलवाल्यांनी करायला हरकत नाही.

ओंकारने हात वर करून विचारलं, "सर, बाकीच्यांना किती?" सर म्हणाले, गुड क्वेश्चन, आणि पुढची स्लाइड लावली.

बाकीच्यांचं मी सांगतो. 2010 च्या सुमारास आयटीतल्या मोठ्या कंपन्या नवख्या इंजिनिअरला वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत. आज त्यातल्या बहुतेक साडेतीनच्या आसपास देतात. तेवढ्या काळात कॉटचं भाडं कुठे गेलं, मेसची थाळी कुठे गेली, हे कुठल्याही पेठेत विचारा. पण हे आकडे फ्लेक्सवर बसत नाहीत. फ्लेक्सवर फोटो बसतो.

खरी दीक्षा मिळाली ती हॉस्टेलच्या कट्ट्यावर. रॅगिंगला महाराष्ट्रात 1999 पासून कायद्याने बंदी आहे, आणि कॉलेजने तसं शपथपत्र माझ्याकडूनही घेतलंय. त्यामुळे टीईच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, एका दादाने ओंकारला काहीही त्रास दिला नाही. बसवलं, चहा पाजला आणि प्रेमाने विचारलं, "डीएसए सुरू केलंस का?" डीएसए म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्स.

"नाही दादा. कालच अ‍ॅडमिशन झालीय."

"उशीर झाला रे भावा."

त्या रात्री माझा भाचा झोपला नाही. जुन्या पद्धतीच्या रॅगिंगमध्ये गाणं म्हणायला लावून सोडून तरी द्यायचे.

तेव्हापासून 'उशीर झाला' हा शब्द दर रविवारी माझ्या ताटाशेजारी वाढला जातो. वेब डेव्हलपमेंटला उशीर झाला. ओपन सोर्सला उशीर झाला. मशिन लर्निंग सुरू करावं तर रीलमधला भैया म्हणतो ते आता संपलं, एजंट्स शिक. आणि एजंट्सनाही थोडा उशीरच झालाय. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या पोराला, ज्याला अजून मतदानाला वेळ आहे, आयुष्यातल्या प्रत्येक गोष्टीला उशीर झालाय. फक्त कॉलेजच्या पहिल्या तासाला तो वेळेवर जातो, कारण 75 टक्के हजेरी नसली तर डिफॉल्टर यादीत नाव लागतं आणि जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर) सर लोकल गार्डियनला फोन करतात.

मधल्या काळात भाषाही सुधारली. ऑगस्टमध्ये "काय चाललंय?" विचारलं की तो म्हणायचा, "अभ्यास करायलोय." दिवाळीपर्यंत त्याचं "करतोय" झालं, पेठेची हवा लागली. आता म्हणतो, "वर्किंग ऑन इट."

डिसेंबरात त्याला रेझ्युमे करायचा होता. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात रेझ्युमेत काय लिहितात, असं मी भाबडेपणाने विचारलं. त्याने मित्राचा दाखवला. मित्राने मंडळाच्या गणपतीत मांडवाला पडदे बांधले होते. ते 'इव्हेंट इन्फ्रास्ट्रक्चर' झालं होतं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन होता; ते 'कम्युनिटी लीडरशिप'. एक फुकट वेबिनार ऐकलं होतं, त्याचं सर्टिफिकेट, आणि ते मिळाल्याबद्दल आपण किती विनम्र आणि भारावलेले आहोत याची लिंक्डइनवर सोळा ओळींची पोस्ट. आमच्या गल्लीतला माणूस पद्मश्री मिळाल्यावरही एवढा भारावला नव्हता, असं लिहिणार होतो, पण आमच्या गल्लीत कुणाला पद्मश्री मिळालेली नाही.

"तुझं काय लिहायचं?" मी पेन घेऊन बसलो.

"माझं काहीच नाही मामा. तेच तर."

मग आमटी ओरपता ओरपता तो सहज सांगू लागला. दिवाळीत घरी गेला होता तेव्हा भाऊजींना ताप होता, म्हणून सोयाबीन घेऊन मार्केट यार्डात हाच गेला. आडत्याने मॉइश्चरचं मशिन लावलं आणि चौदा टक्के सांगितले. बारावर गेलं की भाव पाडतात. ओंकारने पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातले चार दाणे काढले. एक दाढेखाली धरला. ओला दाणा चेपतो, वाळलेला कटकन फुटतो. हा कटकन फुटला. दुसराही फुटला. मग त्याने शांतपणे सांगितलं, "काका, मशिन पुसून परत लावा." परत लावलं तर साडेअकरा आलं. वीस पोत्यांचा पूर्ण भाव घेऊन पोरगा घरी आला आणि पट्टी बापाच्या उशाशी ठेवली.

"हे लिही की!" मी ओरडलोच.

"हे?" तो लाजला. "मामा, हे काय स्किल हाय का?"

शेवटी रेझ्युमेत त्याने 'टीम प्लेअर' आणि 'क्विक लर्नर' असं लिहिलं. फॉन्ट चांगला होता.

सबमिशनच्या आठवड्यात आमचं घर ओळखू येत नव्हतं. ज्यांनी इंजिनिअरिंग केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या वर्षाला ग्राफिक्स नावाचा विषय असतो. ठोकळ्याकडे पुढून, वरून आणि बाजूने बघितलं तर काय दिसेल ते ड्रॉइंग शीटवर काढायचं. काढता येत नसेल तर 'जीटी' मारायची. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. इंजिनिअरिंगच्या कित्येक पिढ्यांनी तोंडी परंपरेने जपलेलं हे ज्ञान. आमच्या टीपॉयची काच उचलली गेली. दिवाळी अंकांच्या दोन गठ्ठ्यांवर ती आडवी ठेवली. खाली माझा टेबललॅम्प. काचेवर सीनियरची शीट, तिच्यावर कोरी शीट, चारी बाजूंनी चिमटे. रात्री दीड वाजता तीन पोरं त्या उजेडावर वाकून रेघा गिरवत होती. चेहऱ्यावर खालून प्रकाश आल्यामुळे शास्त्रज्ञांसारखी दिसत होती. दिवाळी अंक माझ्या घरात वजन पेलायच्या कामी आले, याचा एक लेखक म्हणून मला आनंदच आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी शीट बघितली, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक तुटक रेघ हवी होती, ती नव्हती. "ही चूक माझ्या ओळखीची आहे," सर म्हणाले. "2019 च्या बॅचच्या एका पोराने केली होती. तेव्हापासून दरवर्षी येते." आणि सही केली. भारतीय ज्ञान परंपरेची ती दोन क्रेडिटं खरं तर इथे द्यायला हवी होती.

निकाल लागला. बाकीचे विषय सुटले, ग्राफिक्सला केटी. म्हणजे बँकेत बाकीची क्रेडिटं जमा आणि ग्राफिक्सची बुडीत खात्यात. टीईच्या दादाने सांगितलं, की लाईव्ह बॅकलॉग असेल तर कंपन्या प्लेसमेंटला बसूच देत नाहीत. ती वेळ यायला अजून अडीच वर्षं आहेत, हे मी सांगितलं. ते त्याला पटलं नाही. अडीच वर्षं म्हणजे उशीरच.

आणि मग फेब्रुवारीत दोन रविवार तो जेवायला आलाच नाही. मी काळजीने फोन केला तर मागे ढोलकी, हातोडी आणि आरडाओरडा. फिरोदिया करंडकाच्या तालमी चालल्या होत्या. ही स्पर्धा माहीत नसेल तर एवढंच सांगतो, की एकाच सादरीकरणात नाटक, नाच, गाणं, चित्र, शिल्प, जादू, जे जे कॉलेजात कुणाला येतं ते सगळं घालायचं असतं. ओंकारला यातलं काहीच येत नाही. तो बॅकस्टेजला होता. नाटकातलं घर तीस सेकंदांत वाडा व्हायला हवं होतं आणि कुणाला जमत नव्हतं. याने कागद घेतला आणि त्या घराचं पुढून, वरून आणि बाजूने चित्र काढलं. काच न घेता. बिजागऱ्या कुठे लावायच्या ते सुताराला दाखवलं.

"म्हणजे ग्राफिक्स येतं की तुला!"

"ते ग्राफिक्स नव्हतं मामा," तो वैतागून म्हणाला, "ते घर होतं."

"याचं सर्टिफिकेट मिळतं का?"

हे मी विचारलं. इतके महिने तेच ऐकून माझ्याही तोंडात बसलंय. पलीकडे जरा वेळ नुसती ढोलकी वाजली. मग तो म्हणाला, "माहीत नाही. विचारायचं राहिलं. ठेवतो, पडदा ओढायलोय."

आता लातूरच्या वाचकांना एक विनंती. केटीचं आणि फिरोदियाचं मी ताईला अजून सांगितलेलं नाही. भाऊजी रोज सकाळी गंजगोलाईत चहाला बसतात, आधी सोयाबीनचा भाव बघतात, मग राशिभविष्य, मग हे सदर. तेव्हा तिथल्या हॉटेलवाल्यांनी आज एवढंच करावं. हे पान आधी काढून घ्यावं आणि भजी बांधायला वापरावं.