आकडीचं टोक

चैत्रात किनवटकडच्या रानात शेळ्यांसाठी पाला पाडणारी बाई बघावी. लांब बांबूला बांधलेली आकडी वर जाते, पानांत दिसेनाशी होते, आणि फांदी अडकली की नाही हे बाईला तळहातात नाही, थेट आकडीच्या टोकाशी कळतं. मधला बांबू तिच्या हिशेबात नसतोच. कसं कळलं म्हणून विचारा. "कळतंय की! त्यात काय?"

त्यात काय, हे शोधायला माकडं कामाला लावावी लागली. १९९६ साली जपानच्या अत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी माकडांना दाताळ्यानं खाऊ ओढायला शिकवलं. हात आणि हाताजवळची जागा यांची खबर ठेवणाऱ्या मेंदूतल्या काही पेशी थोड्याच वेळात दाताळ्यापर्यंतच्या जागेवरही हक्क सांगू लागल्या. दाताळं नुसतं हातात धरून बसलं, की हक्क रद्द! (सरकारी खुर्चीला हा नियम लागू नाही.)

आता सागवानाच्या याच किनवटमधला सुतार. चौकटीला पटाशीनं खाच पाडताना नवशिकं पोरगं श्वास रोखून हाताकडे टक लावतं आणि नेमका अंगठा सुजवून घेतं. मिस्त्री ओरडतात, "हाताकडं काय बघायलास? धारेकडं बघ!"

१९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नश्टाइन यांनी छिन्नी-हातोडा चालवणाऱ्या कामगारांच्या हातांना बारके दिवे बांधून हालचाली टिपल्या. निघालं असं, की मुरलेल्या गड्याचेही दोन घाव सारखे नसतात. खांदा, कोपर, मनगट दर खेपेला थोडं निराळं फिरतं. हातोड्याचं तोंड मात्र नेमक्या जागी पडतं. खांद्यानं केलेली कसर मनगट परस्पर भरून काढतं. ही आतली सांधेजोड बरीचशी लहान मेंदू निस्तरतो. वरच्या साहेबाला कागद जातच नाही. साहेबानं मुद्दाम लक्ष घातलं, की अंगठा सुजतो.

म्हणून तर मिस्त्रींना काम करता करता कापसाच्या भावावर बोलता येतं. नजर पटाशीच्या धारेवर, तोंड मोकळं. समोर बाकड्यावर बसलेले दोघे-तिघे हिरिरीनं वाद घालतात. एवढ्यात लाकडात गाठ लागते. ठोक्याचा आवाज बदलतो, मिस्त्री वाक्य अर्धंच सोडून गप्प होतात. बाकड्यावरच्यांना वाटतं, आपला मुद्दा पटला.